सातबाऱ्यावरचे टिंब : हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांचा हिशेब



मागे एका खरिपाच्या तोंडावर परतूर तालुक्यातील आष्टी येथे सोयाबीन लागवडीविषयी बोलण्याचा योग आला. बोलणे संपल्यावर एक वयस्क शेतकरी सातबाऱ्याची घडी उलगडत पुढे आले. म्हणाले, "सर, माझं दीड हेक्टर रान आहे. तणनाशक दीड लिटर आणून ठेवलंय. पुरेल ना?"

उतारा पाहिला. क्षेत्राच्या रकान्यात १.०५.०० असा आकडा होता. म्हणजे १ हेक्टर ५ आर. खरेदीच्या चिठ्ठीवर मात्र तो १.५ असा उतरला होता. मधले शून्य गळाले आणि पाच आराचे पन्नास आर झाले. मी विचारले, "काका, एकरात किती भरतं?" ते क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "अडीच एकर आणि वर तीन-चार गुंठे." हे उत्तर अगदी बिनचूक होते. दीड हेक्टर म्हणजे ३ एकर २८ गुंठे होतात, आणि एवढे रान आपल्याकडे नाही हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. चूक जमिनीच्या माहितीत नव्हती, टिंबाच्या पुढच्या आकड्यात होती.

आपल्याकडे क्षेत्र तीन प्रकारे बोलले जाते. नांगरटीचे, रोटाव्हेटरचे भाडे एकरी ठरते. विद्यापीठाच्या शिफारशी, पीक विमा व अनुदान हेक्टरी असतात. गावठाणालगतचा प्लॉट चौरस फुटांत विकला जातो. एकाच माणसाला एकाच दिवशी या तिन्हींशी काम पडते. म्हणून हा हिशेब एकदा नीट समजून घ्यावा.

दहाने नव्हे, शंभराने

लांबीची मापे आपल्या अंगवळणी पडली आहेत. शंभर सेंटिमीटरचा मीटर, हजार मीटरचा किलोमीटर. क्षेत्राची मापे मात्र बाजूच्या मानाने वाढत नाहीत, बाजू गुणिले बाजू अशी वाढतात. बाजू दहापट केली की क्षेत्र शंभरपट होते. हे पाठ करण्यापेक्षा शेतात करून पाहावे. दहा मीटरची एक दोरी घ्यावी आणि तिच्या मापाने चार खुंट्या ठोकून चौरस आखावा. कोपरे काटकोनात आहेत की नाहीत हे तपासण्यासाठी दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे, म्हणजे १४ मीटर १४ सेंटिमीटर भरले पाहिजेत. आतली जागा १० × १० = १०० चौरस मीटर झाली. हाच एक आर. असे दहा चौरस आडवे व दहा उभे मांडले तर १०० मीटर बाजूचा मोठा चौरस होईल व त्यात १०० आर बसतील. तो एक हेक्टर. याच रीतीने एक किलोमीटर बाजूच्या चौरसात १०० हेक्टर बसतात.

१ मीटर बाजू, १ चौ.मी.
१० मीटर बाजू, १ आर, म्हणजे १०० चौ.मी.
१०० मीटर बाजू, १ हेक्टर, म्हणजे १०० आर किंवा १०,००० चौ.मी.
१,००० मीटर बाजू, १ चौ.कि.मी., म्हणजे १०० हेक्टर

प्रत्येक पायरी शंभराची आहे. शंभराची पायरी म्हणजे दोन आकडी जागा. म्हणून हेक्टरच्या टिंबापुढे आर लिहिताना नेहमी दोनच आकडे लिहावेत. ५ आर असतील तर ०५, ५० आर असतील तर ५०. रुपये-पैशांचा हिशेब करताना आपण १ रुपया ५ पैसे हे १.०५ असे लिहितो, १.५ असे लिहीत नाही. हेक्टरचा रुपया व आराचा पैसा समजला की निम्मे काम झाले.

'आर' हा शब्द ऐकायला आपला वाटत असला तरी तो फ्रान्समधून आला आहे. १७९५ साली तेथे दशमान मापांचा कायदा झाला, त्यात १०० चौरस मीटरच्या मापाला हे नाव दिले गेले. त्याच्या शंभरपट ते हेक्टर. आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने दशमान वजने-मापे स्वीकारली गेली आणि पुढे टप्प्याटप्प्याने जमिनीचे अभिलेखही हेक्टर-आरमध्ये आले.

उतारा कसा वाचावा

सातबाऱ्यावर शेतजमिनीच्या क्षेत्राचे एकक हे.आर.चौ.मी. असे लिहिलेले असते. ०.८१.०० म्हणजे ० हेक्टर, ८१ आर, ० चौरस मीटर. २.१०.४४ म्हणजे २ हेक्टर, १० आर, ४४ चौरस मीटर. सगळे चौरस मीटरमध्ये हवे असल्यास मधली टिंबे पुसून आकडे सलग वाचावेत. २.१०.४४ चे २१,०४४ चौ.मी. झाले. गुणाकार नाही, भागाकार नाही. दशमान पद्धतीची खरी सोय ती हीच, आणि एकर-गुंठ्यात ती मिळत नाही.

दोन ठिकाणी मात्र सावध राहावे. पहिले म्हणजे, बिगरशेती झालेल्या जमिनीच्या उताऱ्यावर एकक आर.चौ.मी. असते. तेथे ५.५० असा आकडा दिसला तर ते साडेपाच हेक्टर नव्हे. ते ५ आर ५० चौ.मी., म्हणजे साडेपाचशे चौरस मीटर. आकड्याआधी एकक वाचण्याची सवय लावावी. दुसरे, लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा वेगळे दाखविलेले असतात व खाली एकूण क्षेत्र असते. बियाणे, खते, औषधे यांचा हिशेब एकूण क्षेत्रावर न करता प्रत्यक्ष पेरलेल्या क्षेत्रावर करावा. विहीर, गोठा, शेततळे यांखालील जागाही वजा करावी. ३० × ३० मीटरचे शेततळे ९ आर जागा घेते, बांधाची जागा वेगळी.

२०२१ पासून ई-पीक पाहणीत पिकाखालील क्षेत्र शेतकरी स्वतः मोबाईलवर नोंदवितात. पूर्वी टिंबाची चूक घरातल्या चिठ्ठीपुरती राहत असे, आता ती थेट दप्तरात जाऊ शकते. पाच आर कापूस असेल तर ०.०५ असेच भरावे.

एकर-गुंठ्याचे टिंब वेगळे

आता जुन्या मापाकडे वळू. मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटी साखळी वापरीत. ३३ × ३३ फूट म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. साखळीचे १६ आणे असत, त्यामुळे गुंठ्याचेही १६ आणे धरले जात. त्याच्याही आधी २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चाहूर असा हिशेब होता. परतूर तालुका १९८१ मध्ये जालना जिल्हा होईपर्यंत परभणी जिल्ह्यात होता आणि १९४८ पूर्वी निजामी राजवटीत. पण एकर-गुंठा त्या राज्यातही चाले, आणि शेजारच्या तेलंगणात आजही जमिनीच्या नोंदी एकर-गुंठ्यातच आहेत. आपल्या भागात वारसाचे किंवा वाटणीचे काम निघाले की १९५४-५५ ची खासरा पाहणी हमखास मागितली जाते. तिच्यातले क्षेत्र एकर-गुंठ्यात असते, आणि येथेच दुसरी फसगत होते.

समजा, जुन्या नकलेवर ५.०८ असे आहे. याचा अर्थ ५ एकर ८ गुंठे. हे टिंब दशांश चिन्ह नव्हे, कारण एकराचे १०० नव्हे तर ४० भाग असतात. ८ गुंठे म्हणजे एकराचा पाचवा हिस्सा, म्हणून दशांशात हे क्षेत्र ५.२० एकर होईल. गणकयंत्रावर ५.०८ ला ०.४०४७ ने गुणले तर उत्तर २.०५५९ येते, म्हणजे २ हेक्टर साडेपाच आर. योग्य रीत अशी की आधी सगळ्याचे गुंठे करावेत : ५ × ४० + ८ = २०८ गुंठे. मग २०८ × १०१.१७ = २१,०४३ चौ.मी., म्हणजे २ हेक्टर १० आर ४३ चौ.मी. दोन्ही उत्तरांत जवळजवळ पाच आराचा फरक पडला. भावकीत बोलणे बंद व्हायला एवढे पुष्कळ होते.

घरातील वहीच्या पहिल्या पानावर पुढील कोष्टक उतरवून ठेवावे.

१ गुंठा = १,०८९ चौ.फूट = १०१.१७ चौ.मी.
१ आर = १,०७६ चौ.फूट = १०० चौ.मी.
१ एकर = ४० गुंठे = ४०.४७ आर
१ हेक्टर = ९८.८४ गुंठे = २ एकर १८.८४ गुंठे
२ हेक्टर = १९७.६८ गुंठे = ४ एकर ३७.६८ गुंठे

गुंठा हा आरापेक्षा शेकडा सव्वा टक्क्याहूनही कमी फरकाने मोठा आहे. म्हणूनच "आर म्हणजे गुंठाच" असे सर्रास म्हटले जाते. खत-औषधाच्या हिशेबाला ते चालते, खत पसरताना हाताचा फरक त्याहून जास्त पडतो. खरेदीखत, वाटणी व भूसंपादनाचा मोबदला यांत मात्र चालवून घेऊ नये.

खते, तणनाशक व झाडांची संख्या

सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ३० किलो पालाश यांची शिफारस आहे. डीएपीतून स्फुरद द्यायचे झाल्यास हेक्टरी १३० किलो डीएपी, १४ किलो युरिया व ५० किलो म्युरेट ऑफ पोटॅश लागते. आष्टीच्या त्या काकांच्या १.०५ हेक्टरसाठी १३० × १.०५ = १३६.५ किलो डीएपी पुरे. १.५ धरले असते तर १९५ किलो आणावे लागले असते. म्हणजे एका पोत्याहून जास्त पैसे उगीच गेले असते.

खताचा जादा खर्च खिशातून जातो, तणनाशकाचा जादा डोस पिकावर उठतो. इमॅझेथापायर १० टक्के एसएल हे तणनाशक पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी, तणे २ ते ३ पानांवर असताना हेक्टरी १ लिटर या प्रमाणात ५०० लिटर पाण्यातून फवारतात. १.०५ हेक्टरवर दीड लिटर गेले तर मात्रा जवळजवळ ४३ टक्क्यांनी वाढते. पीक पिवळे पडते, वाढ थबकते, आणि जमिनीत राहिलेला अंश पुढच्या पिकालाही बाधू शकतो. ही चूक टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे मात्रा आरावर आणावी. हेक्टरी १ लिटर म्हणजे १,००० मि.लि. भागिले १००, एका आराला १० मि.लि. पाणी हेक्टरी ५०० लिटर म्हणजे आराला ५ लिटर. १६ लिटरच्या पंपात ३२ मि.लि. औषध घालावे व तो पंप ३.२ आर, म्हणजे ३२० चौरस मीटर जागेत संपला पाहिजे. १० मीटर रुंद व ३२ मीटर लांब पट्टा आखून एकदा नुसत्या पाण्याने पंप मारून पाहावा. पट्टा संपण्याआधी पंप संपला तर चाल हळू आहे, उरला तर चाल जलद आहे. किती रान, किती पंप, हा हिशेब त्यानंतर तोंडी होतो.

जालना जिल्ह्यात मोसंबी पुष्कळ. ६ × ६ मीटरवर लागवड केली तर एका झाडाला ३६ चौ.मी. जागा लागते. ८१ आर क्षेत्र असेल तर ८,१०० भागिले ३६ = २२५ खड्डे. हेक्टरी २७७ झाडे हा आकडा ऐकून तेवढीच कलमे रोपवाटिकेतून आणली तर ५२ कलमे बांधावर वाळतील. कपाशीलाही हीच रीत लावावी. १२० × ४५ सें.मी. अंतर असेल तर १.२० × ०.४५ = ०.५४ चौ.मी. एका झाडाची जागा. १०० भागिले ०.५४, म्हणजे एका आरात १८५ झाडे. येथे सेंटिमीटरचे मीटर आधी करावेत आणि मगच गुणावे. १२० × ४५ = ५,४०० आले म्हणून त्याला १०० ने भागून ५४ चौ.मी. म्हणणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. एक चौरस मीटरमध्ये १०० नव्हे, १०,००० चौरस सेंटिमीटर असतात.

विद्यार्थ्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. पदव्युत्तर शिक्षण घेताना माझ्याच प्रयोगातील एका वाफ्याचे, ४.५ × ३.६ मीटरचे, सोयाबीन २.१ किलो भरले. वाफा १६.२ चौ.मी., म्हणून एका आराचे १२.९६ किलो, इथपर्यंत मी बरोबर होतो. पुढे शंभराऐवजी दहाने गुणून हेक्टरी १३० किलो असे वहीत लिहिले. मार्गदर्शक प्राध्यापकांनी वही पाहिली आणि एवढेच विचारले, "अरे, पेरलेलं बी तरी घरी आलं का?" खरे उत्पादन हेक्टरी १,२९६ किलो, म्हणजे सुमारे १३ क्विंटल होते.

त्या चुकीतून एक सोपी गोष्ट मात्र कायमची ध्यानात राहिली. हेक्टरचे १०० आर आणि क्विंटलचे १०० किलो. म्हणून एका आरातून जितके किलो निघतात तितकेच हेक्टरी क्विंटल उत्पादन असते. मळणीआधी शेतात सरासरी पीक असलेल्या दोन-तीन ठिकाणी १० × १० मीटरचे चौरस आखून वेगळी कापणी करावी. वाळवून १४ किलो भरले तर हेक्टरी १४ क्विंटल. एकरी उतारा हवा असेल तर त्याला अडीचने भागावे, ५.६ क्विंटल येतील.

रान चौकोनी नसेल तर

कागदावरचे क्षेत्र एक व प्रत्यक्ष पेरलेला तुकडा दुसरा, असे नेहमीच असते. तुकडा मोजायचा झाला की आपल्याकडे समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणण्याची पद्धत आहे. नांगरटीचे व मळणीचे पैसेही पुष्कळदा याच मापावर ठरतात. ही रीत फार जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये तिची नोंद केली आणि तिला 'स्थूल' म्हटले. काटकोनी शेतात ती अचूक येते. तिरक्या शेतात ती नेहमी जास्तीचे क्षेत्र दाखविते, कमी कधीच दाखवीत नाही. म्हणजे एकरी भाडे देणाऱ्याचे नुकसान ठरलेलेच.

समजा, बाजू ८०, ६०, ८० व ६० मीटर आहेत. सरासरीने ८० × ६० = ४,८०० चौ.मी., ४८ आर. पण शेत तिरके आहे आणि लांबचा कर्ण १२० मीटर भरला. आता दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांपासून त्या कर्णावर काटकोनात लंब मोजावेत. ते प्रत्येकी ३५.५ मीटर निघाले. कर्ण गुणिले दोन्ही लंबांची बेरीज, भागिले दोन : १२० × ७१ ÷ २ = ४,२६० चौ.मी., म्हणजे ४२ आर ६० चौ.मी. सुमारे साडेपाच आराचा फरक, आणि बाजू त्याच. म्हणून चौकोनी नसलेल्या रानात नुसत्या बाजू मोजून थांबू नये, कर्ण टाकावाच. बाजू पाच-सहा असतील तर रानाचे त्रिकोण पाडून प्रत्येकाचे पाया गुणिले उंची भागिले दोन करावे व बेरीज घ्यावी. हे माप आपल्या खत-औषधासाठी व भाड्यासाठी आहे. हद्दीचा वाद असल्यास भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी, दोरी घेऊन शेजाऱ्याच्या बांधावर जाऊ नये.

पाच एकर आणि दोन हेक्टर

अल्पभूधारकाची मर्यादा २ हेक्टर आणि अत्यल्पभूधारकाची १ हेक्टर. बोलताना आपण त्यांना पाच एकर व अडीच एकर म्हणतो. केंद्र शासनाच्या २००८ च्या कर्जमाफी योजनेच्या नियमांतही २ हेक्टरपुढे कंसात ५ एकर असेच छापलेले होते. गणिताने ५ एकर म्हणजे २ हेक्टर २ आर ३४ चौ.मी. होतात. ज्याच्या उताऱ्यावर २.०२.०० आहे तो बोलीत बरोबर पाच एकरवाला, पण हेक्टरच्या काटेकोर मापाने मर्यादेच्या दोन आर बाहेर. पीएम किसान योजनेतही फेब्रुवारी ते जून २०१९ या काळात २ हेक्टरची अट होती, नंतर ती काढण्यात आली. एखाद्या योजनेचा अर्ज भरताना नियमात एकर लिहिले आहे की हेक्टर हे पाहावे, आणि आपले क्षेत्र उताऱ्यावरून जसेच्या तसे उतरावे. "पाच एकर" या शब्दावर विसंबून २.०० लिहिले तर उतारा व अर्ज जुळत नाहीत आणि प्रकरण परत येते.

वाटणीच्या वेळी हेच २.०२.०० तीन भावांत कसे बसवायचे ते पाहू. आधी टिंबे काढून चौरस मीटर करावेत : २०,२००. तिघांत भागिले तर ६,७३३ येतात व १ चौरस मीटर उरतो. दोघांच्या नावे ०.६७.३३ आणि एकाच्या नावे ०.६७.३४ लिहावे. बेरीज २.०२.०० येते. प्रत्येकाला ०.६७ लिहून मोकळे झाले तर १ आर, म्हणजे ३३ फूट बाई ३३ फुटांएवढी जागा कोणाच्याच नावावर राहत नाही. विहिरीजवळचा तो तुकडा असेल तर काय होईल हे वाचकांना वेगळे सांगायला नको. वाटणीपत्राचा मसुदा सहीला येण्याआधी प्रत्येक हिश्श्याचे चौरस मीटर करून घरीच एकदा बेरीज करावी.